टॅन म्हणजे नक्की कुठला टॅन

शनिवार, रात्री

सकाळी आठला गॅरेजमध्ये शिरलो ते आईने तीनदा जेवायला हाक मारल्यावरच बाहेर आलो, आणि आत्ता लिहितोय तरी नखांत पिवळ्या फोमचा भुगा अडकलाय. मियाटाची, म्हणजे माझदाच्या उघड्या टपाच्या छोट्या दोन सीटच्या गाडीची, ड्रायव्हर सीट शेवटी उघडली. दीड वर्षं टाळत होतो, कारण एकदा लेदर सोललं की मग मागे फिरता येत नाही.

गाडी १९९१ ची, ब्रिटिश रेसिंग ग्रीन म्हणजे गडद हिरवी, आत टॅन, म्हणजे फिकट तपकिरी, लेदर, गिअरचा नॉब लाकडी. माझदाने अमेरिकेसाठी ही एडिशन साधारण ४,००० च काढली होती. १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये मियाटा पहिल्यांदा दाखवली तेव्हा मी पुण्यात पाचवीत होतो आणि आमच्या अख्ख्या वाड्यात एकच स्कूटर होती. आता न्यू जर्सीत माझ्या दारात ती उभी असते, आणि रात्री कचरा बाहेर ठेवायला गेलो की मी दोन मिनिटं उगाच तिच्याजवळ थांबतो.

पॅसेंजर सीट अजून छान आहे, उन्हाने थोडी विटलीये एवढंच. पण ड्रायव्हर सीटचा डावा बोल्स्टर, म्हणजे कडेचा उंच गादीसारखा भाग, पार गेलेला. गाडी इतकी बुटकी की बसताना अंग टाकावंच लागतं, आणि उतरताना मांडी दर वेळी त्याच कडेवर घासते. शिवण उसवली असती तर शिवली असती, पण लेदरच फाटलं होतं आणि आतला फोम चुऱ्यासारखा गळत होता.

सीट काढणं सोपं, चौदाचा पाना, चार बोल्ट. फक्त ओढून बाहेर काढायच्या आधी खालचं वायरचं कनेक्टर सोडवायचं, कारण या गाडीत हेडरेस्टमध्येही स्पीकर आहेत, टप उघडा असताना गाणं नीट ऐकू यावं म्हणून. खरा वेळ खातात त्या हॉग रिंग, म्हणजे कव्हरला फोमशी बांधून ठेवणाऱ्या तारेच्या कड्या, एकेक कटरने तोडायची. कव्हरच्या आतल्या शिवणीत लांब तारा ओवलेल्या असतात त्या जपून काढून ठेवल्या, त्याच नव्या कव्हरमध्ये घालायच्या आहेत, नाहीतर सीटला मधल्या खाचा पडत नाहीत आणि सगळं उशीसारखं फुगतं.

आणि मग कव्हर उलटं केलं तर पाठ आणि बैठक जिथे भेटतात तिथे आत दडलेली चार बोटं रुंद पट्टी दिसली, जिला तीस-बत्तीस वर्षांत ऊन लागलं नव्हतं. गडद, किंचित तांबूस, जुन्या गुळासारखा रंग. म्हणजे गाडी नवी होती तेव्हा आतून अशी दिसायची! मी ती पट्टी हातात धरून बराच वेळ नुसता बसलो होतो.

नवी कव्हरं महिन्याभरापूर्वीच मागवून ठेवलीयत, दोन्ही सीटची. मागवायच्या आधी कव्हरवाल्यांनी पाठवलेला लेदरचा तुकडा गॅरेजच्या ट्यूबखाली लावून बघितला होता, अगदी बेमालूम जुळला होता. आज कव्हर उलगडून अंगणात आणलं आणि पोटात खड्डाच पडला. उन्हात ते बदामी दिसतं, पिवळ्याकडे झुकणारं, आणि आपली सीट तांबूस. त्यांचा दोष नाही, तुकडा त्यांनी खरा पाठवला होता, मीच चुकीच्या उजेडात बघितला.

आई पायरीवर बसून भाजी निवडत होती, ती म्हणाली, "अरे लक्ष्मी रोडला मॅचिंग सेंटरमध्ये मी कधी ट्यूबलाइटखाली कापड घेतलंय का? साडी घेऊन फुटपाथवर यायचं, मगच पैसे द्यायचे."

मला ते लख्ख आठवलं. आई तीस वर्षं घरी लोकांचे ब्लाऊज शिवायची आणि मी पिशवी धरून बरोबर असायचो. दुकानदार वैतागायचा तरी आई ठाण बाहेर उजेडात आणायला लावायची. दोन रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेले असले की एका उजेडात सारखे दिसतात आणि दुसऱ्यात फटकून वागतात, हे मला पुस्तकातून कळलं, तिला हाताने माहीत होतं.

रविवार

आज फक्त रंग. आधी ठरवायचं होतं की मॅच करायचं कशाला, कारण गाडीत चार टॅन आहेत. दडलेल्या पट्टीचा, पॅसेंजर सीटचा, दारांच्या व्हायनिलचा आणि कार्पेटचा. सीटचाही फक्त अंगाला लागणारा भाग लेदर आहे, बाजू व्हायनिलच्या, आणि दोन्ही वेगवेगळे म्हातारे होतात. माझा जीव पट्टीत अडकला होता, वाटत होतं दोन्ही सीट तशाच करूया, १९९१ सारख्या. आई म्हणाली, "साडी आत्ता जशी आहे तिला ब्लाऊज लावायचा, लग्नात होती तिला नाही. दोन्ही खुर्च्या नव्या दिसल्या की दारं भिकारी दिसतील." मी दारापाशी पट्टी धरून बघितली. खरं होतं. शिवाय पॅसेंजर सीटचं लेदर मूळचं आहे आणि धडधाकट आहे, ते का झाकायचं? म्हणून ठरलं की पॅसेंजर सीटला हात लावायचा नाही, ड्रायव्हरचं नवं कव्हर तिच्या आजच्या रंगावर आणायचं, दुसरं कव्हर माळ्यावर.

हे जमतं, कारण गाडीचं लेदर कोल्हापुरी चपलेसारखं नसतं. कोल्हापुरीचं कातडं झाडाच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, ते तेल पितं, ऊन पितं आणि वर्षागणिक गडद होत जातं. सीटच्या लेदरवर मात्र रंगाचा पातळ थर आणि त्यावर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, असतो, आपण बसतो ते त्या थरावर. म्हणून वरून तेल चोळून काही होत नाही, पण थरावर नवा थर देता येतो.

आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, मग बारीक पॉलिश पेपर अगदी हलक्या हाताने. पाण्यावरचे रंग आणलेत, तपकिरी, पिवळा ऑक्साइड, तांबडा ऑक्साइड, काळा, पांढरा. पहिलं मिश्रण वाया गेलं. थोडं गडद हवं म्हणून काळ्याचे दोन थेंब टाकले आणि सगळं शेवाळी झालं, पिवळ्यात काळा पडला की हिरवट होतो हे चित्रकलेच्या तासाला शिकलो होतो तरी. दुसऱ्यांदा काळा लावलाच नाही, तपकिरीने गडद केलं आणि तांबड्याने पिवळा दाबला, एकेक थेंब.

ओला रंग फसवतो, म्हणून दर वेळी टाकून दिलेल्या जुन्या तुकड्यावर बोट ओढायचं, हेअर ड्रायरने वाळवायचं, मगच बघायचं. फोनचा फोटो तर बिलकुल कामाचा नाही, कॅमेरा स्वतःच रंग सुधारून घेतो. आईने पांढऱ्या पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडलं आणि ते जुन्या-नव्याच्या सांध्यावर ठेवून बघायला लावलं, म्हणजे आजूबाजूचं काही डोळ्यात येत नाही, फक्त दोन अर्धे गोल. दुपारी ढग आले तेव्हा सगळ्यात छान कळत होतं. नवव्या खेपेला त्या भोकात मला मधली रेघ सापडेना. आईने चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि म्हणाली, "आता लाव."

स्पंजने चार पातळ कोट, मधे वाळवत, वर मॅटकडे झुकणारा क्लिअर.

पुढचा शनिवार

बोल्स्टरला नव्या फोमचा तुकडा चिकटवून सुरीने तासून आकार दिला. कव्हर चढवायच्या आधी तासभर उन्हात ठेवलं, मऊ पडतं. फोमवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी घातली की लेदर अडकत नाही, सरकतं. तरी अंगठे गेले. मधल्या खाचेपासून सुरुवात करून बाहेर यायचं, कडेपासून केलं की तारा कधीच जागेवर बसत नाहीत. एका ठिकाणी लिव्हरजवळ अजून सुरकुती आहे, ती वाफेने काढीन.

संध्याकाळी सीट गाडीत बसवली, कनेक्टर लावलं, टप उघडला. दोन्ही सीट शेजारी शेजारी, ऊन तिरपं. आई पॅसेंजर सीटवर बसली, साडीचा पदर आवरून घेतला, आणि हात पुढे करून माझ्या सीटच्या कडेवरून बोट फिरवत राहिली, शिवण बघत होती. "टाका सरळ आहे," म्हणाली. मी तिला नदीपर्यंत फिरवून आणलं.

उरलेला रंग काचेच्या बरणीत भरलाय. आईने वर कागद चिकटवून लिहिलंय, घरी मसाल्याच्या बरण्यांवर लिहिते तसंच: तपकिरी ६ चमचे, पिवळा २, तांबडा ११ थेंब, काळा नाही. ढगाळ उजेडात बघितला.