ताडपत्रीवरचा थेंब

गुहेतल्या कार्यक्रमांचा साऊंड करतो असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास एकच विचारतो, "मग घुमत नाही का?" मिरजेतल्या मामानेही फोनवर पहिल्यांदा हेच विचारलं. मामाचा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा. गणपतीत त्याच्याकडे वायरी गुंडाळता गुंडाळता मी या कामाला लागलो. "शिट्टी मारत असणार रे माईक," असंही त्याचं म्हणणं होतं.

घुमतं, पण लोकांना वाटतं तसं नाही. खरं घुमणं ऐकायचं तर आपल्याकडच्या मंगल कार्यालयात जावं. समोरासमोर सपाट भिंती, खाली गुळगुळीत फरशी, वर पत्रा. गुरुजींचा एक शब्द चार वेळा ऐकू येतो. गुहेत एक भिंत दुसरीसमोर नीट उभीच नसते. चुनखडीचे पडदे, खळगे, लोंबते खडक यांवर आपटून आवाज फुटतो, विखुरतो. त्यामुळे वरच्या सुरांना छान सुबक उजळपणा येतो. शिवाय हवा दमट असल्याने बारीक सूर दूरवर पोचतात. ते कोरडी हवाच जास्त खाते. त्रास असतो तो खर्जाचा. इमारतीत लाकडी पार्टिशन, खिडक्यांच्या काचा, छताचे पॅनेल थोडे थोडे थरथरतात आणि खर्ज पिऊन टाकतात. खडक कशाला थरथरतोय? डबल बेसचा, म्हणजे माणसाएवढ्या उंच खर्जातल्या तारवाद्याचा, एक सूर सुटला की तो तिथेच रेंगाळतो, पुढचा आला की दोघांचा गिचका. म्हणून गुहेत मी आधी खालची पट्टी छाटतो, मग बाकीचं बघतो.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात नोंद झालेल्या गुहाच दहा हजारांच्या वर आहेत. त्यांत गाण्याचे कार्यक्रम करायचं वेड तसं नवं. मॅकमिनव्हिलजवळच्या कंबरलँड कॅव्हर्न्समध्ये २००८ साली 'ब्लूग्रास अंडरग्राउंड' सुरू झालं. ब्लूग्रास म्हणजे तिथलं तारवाद्यांवरचं लोकसंगीत. जमिनीखाली ३३३ फुटांवरची 'व्होल्केनो रूम', आणि तिच्या छताला ब्रुकलिनच्या एका जुन्या थिएटरातून आणलेलं स्फटिकाचं झुंबर. नंतर ते पीबीएस या टीव्ही वाहिनीवर दिसायला लागलं आणि २०१८ मध्ये पेलममधल्या 'द कॅव्हर्न्स'ला गेलं. मी सांगतोय तो प्रसंग या दोन्हींतला नाही. त्याच पट्ट्यातली एक लहान गुहा होती. नाव सांगायला आमच्या कंपनीच्या करारात मनाई आहे.

मे महिन्याची अखेर. वर उकाडा, अंगाला चिकटणारी हवा. आठवड्याच्या सुरुवातीला दणकून पाऊस झालेला. पाच जणांचा ब्लूग्रास बँड होता आणि त्यांना त्या रात्रीचं रेकॉर्डिंग काढून अल्बम करायचा होता. म्हणजे नुसतं लोकांना नीट ऐकू जाऊन भागणार नव्हतं.

आत शिरण्याआधी बूट धुवायचे. २००६ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी दिसली, आणि त्या रोगाने तेव्हापासून लाखो वटवाघळं मेली. माणसाला काही होत नाही, पण बुटांच्या चिखलातून बुरशी एका गुहेतून दुसरीत जाते. म्हणून एका गुहेत घातलेले कपडे दुसरीत घालायचे नाहीत, आणि घालायचेच तर ५५ अंशांच्या गरम पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेवायचे. आमच्या लाइटवाल्याचा या सगळ्यावर राग. त्याला तिथे दिवेही मनासारखे लावता येत नाहीत, कारण दिवा फार वेळ एका जागी राहिला की खडकावर शेवाळ धरतं.

खडीच्या उतारावरून पेट्या खाली नेल्या. आत वर्षभर चौदा-पंधरा अंश. भर मे महिन्यात सगळ्यांच्या अंगात जाकिटं. फोनला रेंज नाही, त्यामुळे कुणी काही विसरलं तर ते आणायला चढ चढून वर जायचं.

ब्लूग्रासमध्ये ड्रम नसतो. मँडोलिनवाला तारा दाबून जो 'चक्' काढतो तोच ठेका. बँजो, फिडल, गिटार, मँडोलिन, डबल बेस. जुन्या पद्धतीचे बँड अजूनही मधे एकच मोठा कंडेन्सर माईक ठेवतात आणि त्याभोवती अर्धगोल करून उभे राहतात. ज्याची पाळी तो पुढे सरकतो, संपली की मागे जातो. कुणाचा आवाज किती ठेवायचा हे माझे हात नाही, त्यांचे पाय ठरवतात. मला ही पद्धत फार आवडते, पण तिचा एक जाच आहे. एकच माईक, तोही उघडा ठेवलेला, म्हणजे तो सगळं ऐकतो.

उभारणी झाल्यावर मी सगळ्यांना गप्प बसवलं आणि रिकाम्या गुहेचं रेकॉर्डिंग घेतलं. कुठल्याही जागी हे करतोच. हॉलमध्ये एसीची घरघर असते, लाइटच्या पंख्यांची असते, बाहेरचा रस्ता असतो. इथे काहीच नाही. हेडफोनमध्ये यंत्रांची हलकी सळसळ, बस्स. आणि मग, 'टक्'.

बराच वेळ काही नाही. मग परत 'टक्'.

कंडेन्सर माईकला दमटपणा बाधतो, त्याचा पडदा ओलावला की तो तडतडतो. म्हणून पहिला संशय त्याच्यावर. दुसरा माईक लावला, 'टक्' होताच. केबल बदलली, चॅनेल बदलला. होताच. मग सरळ जाकीट काढून माईकवर गुंडाळलं आणि ऐकत बसलो. 'टक्' गेला. म्हणजे आवाज वायरीत नव्हता, हवेत होता.

रेकॉर्डिंगचा निर्माता अस्वस्थ. छताकडे बघत म्हणाला, थेंब पडतोय कुठेतरी. ते तर मलाही कळत होतं. पण गुहेत थेंब पन्नास ठिकाणी पडत असतात. मातीवर पडला तर ऐकू येत नाही, डबक्यात पडला तर 'टुबुक्' होतं. हा आवाज कोरडा, टणक होता. आणि कानाने शोधायला जावं तर सगळ्या बाजूंनी आल्यासारखा वाटायचा. वर म्हटलं ते विखुरणं इथे नडलं.

मग दोन माईक रंगमंचाच्या दोन टोकांना लावले आणि दोन्हींचं रेकॉर्डिंग एकाखाली एक ठेवून बघितलं. पंधरा अंशांना आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. गुहेत हा आकडा सकाळपासून रात्रीपर्यंत हलत नाही, वरच्या मैदानात मात्र ऊन उतरलं की बदलतो. डावीकडच्या माईकमध्ये 'टक्' नऊ मिलिसेकंद आधी येत होता. म्हणजे त्याची जागा डाव्या माईकला तीन मीटरने जवळ. मग उजवा माईक उचलून मागच्या काळ्या पडद्यापाशी नेला. तिथे तो डाव्याच्याही आधी आला.

पडदा बाजूला केला. मागे दिव्यांच्या डिमरचे दोन रॅक, आणि त्यांच्यावर पाणी पडू नये म्हणून लवचीक दोऱ्यांनी करकचून बांधलेली ताडपत्री. दोन रॅकच्या मधल्या रिकाम्या जागेवर ती डफासारखी ताणली गेली होती. थेंब नेमका त्या मधोमध. वर बॅटरी मारली तर छताला करंगळीएवढं टोक, त्यावर पाणी हळूहळू गोळा होतंय, फुगतंय, लोंबतंय. पडला. 'टक्'.

लाइटवाला ताडपत्री काढायला तयार नाही. त्याचंही बरोबर होतं. सैल केली तर पाणी साचून आत जाणार. कुणीतरी म्हणालं, वरच्या टोकाला दोरा बांधू, पाणी दोऱ्यावरून उतरेल. हे ऐकून गुहेच्या गाइड बाई जिथे होत्या तिथून आल्या.

वय सत्तरीच्या घरात, हातात भलीमोठी टॉर्च. टोकाला बोट लावायचं नाही, असं त्यांनी आधी सांगितलं. हाताचं तेल लागलं तर त्यावर चुना धरत नाही आणि वाढ थांबते. ते टोक हजार वर्षांत दहा-बारा सेंटीमीटर वाढलं तरी पुष्कळ. मग त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिली आणि थेंबाकडे बघत राहिल्या.

"हा सोमवारचा पाऊस," त्या म्हणाल्या. "या टोकाला पोचायला त्याला तीन दिवस लागतात. त्या कोपऱ्यातल्याला दोन आठवडे लागतात, आणि दारापाशी लगेच. रात्री हा वाढेल. आणखी एक-दोन सुरू होतील."

कुठे सुरू होतील, हे मी विचारलं. त्यांनी रंगमंचाच्या पुढच्या भागाकडे हात केला, आणि त्याबद्दल आपल्याला काही करता येणार नाही अशा अर्थाने खांदे उडवले.

मागच्या थेंबाचा बंदोबस्त त्यांनीच केला. सफाईच्या खोलीतून दोऱ्यांचं मोठं पोतेरं आणलं, जे दांड्याला लावून फरशी पुसतात ते, आणि ताडपत्रीवर पसरलं. टोकं एका बाजूने खाली सोडली, तिथे बादली, बादलीत जुनं फडकं. थेंब दोऱ्यांत पडला, फुटला, आणि दोऱ्यांवरून निथळत बादलीत गेला. हेडफोनमध्ये काही नाही. माझा टॉवेल मी आधी टाकून बघितला होता, त्यावर भिजेपर्यंत ठीक, मग 'चप्' व्हायला लागलं होतं. पोतेऱ्याच्या दोऱ्या मोकळ्या, त्यांना ताण नाही, म्हणून आवाज नाही. निर्मात्याने त्या पोतेऱ्याचा फोटो काढला.

संध्याकाळी लोक आले. काही जाकिटं घेऊन, काही गुडघ्यापर्यंतच्या चड्डीत, जे पहिल्या दोन गाण्यांतच काकडायला लागले. माणसं बसली की घुमणं बरंच उतरतं; कपडे आणि अंगं आवाज पितात. मी खर्जाची पट्टी थोडी परत वर आणली. पहिला भाग निर्विघ्न गेला. एकाच माईकवर पाच जण, मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्यांकडे तोंड केलेला स्पीकर, एकही नाही, त्यामुळे मामाच्या शिट्टीचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या भागात एका संथ गाण्याच्या मधे बाईंची ती भविष्यवाणी खरी उतरली. माईकपासून हातभर पुढे, दिव्याच्या झोतात, एक थेंब चमकत खाली आला आणि प्लायवूडच्या मंचावर पडला. हेडफोनमध्ये तो मला मँडोलिनपेक्षा मोठा वाटला. मी हताश. मधे जाऊन करणार काय? गाणं चालू, समोर काही शे लोक.

फिडलवाल्याने तो ऐकला होता. त्याची पाळी अजून आली नव्हती. तो तसाच अर्धगोलातून एक पाऊल पुढे आला, डोक्यावरची फेल्टची हॅट काढली, बरोबर त्या जागी उलटी ठेवली आणि मागे जाऊन उभा राहिला. पुढचा थेंब हॅटमध्ये पडला. आवाज शून्य. लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग असणार, हसले. त्यानंतर त्याने फिडल हनुवटीखाली घेतलं आणि असं काही वाजवलं, की पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी गाणं संपल्यावर उठून हॅटमध्ये एक डॉलर टाकला. मग आणखी दोघांनी. शेवटी त्यातल्या ओल्या नोटा वाळवायला बँडने आमच्या ॲम्प्लिफायरच्या गरम पाठीवर मांडल्या. मामाला हे सांगितलं तर त्याचा विश्वास बसला नाही. त्याच्या मते गुहेत बसून गाणारा माणूस मुळात पैशासाठी गातच नसणार.

आवराआवर मात्र नेहमीची हाडं मोडणारी. आणि अशा दिवसांत खरी काळजी बाहेर पडताना. आतल्या पंधरा अंशांत दिवसभर गार झालेला मिक्सर वरच्या दमट उकाड्यात नेला की दोन मिनिटांत त्याला घाम फुटतो, बटणांच्या फटींतून पाणी आत. हिवाळ्यात याच्या उलट, ट्रकमध्ये गारठलेली यंत्रं आत नेल्यावर भिजतात. म्हणून पेट्या आतच बंद करायच्या आणि वर नेल्यावर तासन् तास उघडायच्या नाहीत. तरुण पोरं घाई करतात, त्यांना ओरडावं लागतं. पोतेरं बाईंना परत दिलं, तेव्हा त्या ते पिळून पुन्हा त्याच जागी पसरायला निघाल्या. दुसऱ्या दिवशी शाळेची सहल होती आणि रॅक अजून तिथेच होते.

पुढच्या आठवड्यात स्टुडिओत बसून रेकॉर्डिंग साफ केलं. हॅट ठेवण्याआधीचे थेंब पडद्यावर उभ्या रेघांसारखे स्पष्ट दिसतात, एकेक निवडून पुसता येतो. गाण्यांमधले सगळे काढले. टाळ्यांमध्ये आलेले तसेच सोडले. टाळ्यांत थेंब कोण शोधणार, आणि त्यासाठी निर्माता तासाचे पैसे देणार नव्हता.