भाज्यांचं ताट

आदला दिवस, दुपार

उद्याच्या जेवणातले मोठे पदार्थ बाकीच्यांनी वाटून घेतले. माझ्याकडे आलं भाज्यांचं ताट आणि सोबतची डिप्स, म्हणजे भाज्या बुडवून खायची घट्ट मिश्रणं. धाकट्या जावेचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "ताई, तुमच्या वाट्याला सोपं आलं. नुसतं कापायचं तर आहे." तिच्याशी वाद घातला नाही, पण इथे लिहिते. शिजवलेल्या भाजीत तेल, मीठ, मसाला बरंच सांभाळून घेतात. कच्चं गाजर ताजं आहे की चार दिवस पडून होतं, नीट कापलंय की उरकलंय, हे पहिल्याच चाव्याला कळतं. शिवाय सणाचं जेवण ठरलेल्या वेळेला कधीच वाढलं जात नाही. माणसं जमतात, भूक लागलेली असते, गप्पांना अजून रंग चढलेला नसतो. तो अर्धा-पाऊण तास या ताटाचा असतो. म्हणून ते मला मुख्य पदार्थांइतक्याच जिवाभावाने करायचं आहे.

डिप्स आज, भाज्या बऱ्याचशा उद्या. डिप रात्रभर फ्रिजमध्ये राहिलं की लसूण, मीठ, हिरवा पाला एकमेकांत मुरतात. म्हणून आज मीठ हात राखून घालायचं आणि उद्या चाखून वाढवायचं.

दही सकाळीच फडक्यात बांधून फ्रिजमध्ये निथळत ठेवलं होतं. घट्ट चक्का झालाय. साध्या दह्याचं डिप गाजरावर टिकत नाही, तोंडापर्यंत जाईतो अर्धं कपड्यांवर येतं. काकडी किसून मीठ लावून ठेवली, पाणी सुटल्यावर घट्ट पिळली आणि मग चक्क्यात घातली. लसूण किसून आधी लिंबाच्या रसात टाकला. लसूण चिरला की त्यातला एक एन्झाइम कामाला लागतो आणि तिखट झणका तयार होतो. आंबटपणा त्या एन्झाइमला आवरतो. रसात भिजलेला लसूण डिपमध्ये चव देतो, पण दुसऱ्या दिवशीपर्यंत तोंडात रेंगाळत नाही. वरून बारीक चिरलेला शेपू.

दुसरं डिप हमस, म्हणजे छोले आणि तिळाची पेस्ट एकत्र वाटून केलेलं. त्यासाठी छोले काल रात्री चिमूटभर खायच्या सोड्यासोबत भिजवले होते. सोड्याने सालं लवकर मऊ पडतात. शिजवताना थांबायचं कधी, तर दोन बोटांत धरलेला दाणा जोर न लावता पिठासारखा पसरला की. बहुतेकांचं हमस रवाळ होतं ते इथे घाई केल्यामुळे.

मग ताहिनी. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. वाडग्यात तिळाची ती पातळ, तेलकट पेस्ट घेतली आणि लिंबाचा रस घातला. ढवळता ढवळता ती सैल होण्याऐवजी घट्ट झाली, चमच्याला गोळा होऊन चिकटली, रंगही मळकट झाला. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं, बिघडलं. बिघडत काही नाही. तिळाच्या कणांना थोडंसंच पाणी मिळालं की ते एकमेकांना धरून बसतात. बर्फाचं गार पाणी चमचा-चमचा घालत फेटत राहिलं की एका क्षणी गोळा सुटतो आणि सगळं पांढुरकं, हलकं, मलईसारखं होतं. या टप्प्यालाच छोले घालायचे. आधी सगळं एकदम मिक्सरमध्ये टाकलं तर ही मऊ मलई मिळत नाही.

तिसरं लाल डिप, मुहम्मरा. सीरियातल्या हलब म्हणजे अलेप्पो शहराशी याचं नाव जोडलेलं आहे. लाल सिमला मिरची थेट आचेवर काळी होईपर्यंत भाजली, झाकून ठेवली, वाफेने साल सुटल्यावर सोलली. नळाखाली धुतली नाही, त्यात भाजल्याची चव वाहून जाते. अक्रोड, ब्रेडचा चुरा, डाळिंबाच्या रसाचा आटवलेला पाक. आंबट, गोड आणि किंचित कडवट.

भाच्याला मात्र बाटलीतलं पांढरं रँच हवं असतं. बाटली आणणार नाही, घरीच करते: ताक, मेयोनीज, लसणाची आणि कांद्याची पूड, पार्सली, शेपू. त्याचा उगमही घरगुतीच आहे. स्टीव्ह हेन्सन नावाचा माणूस अलास्कात प्लंबिंगची कामं घेत असताना सोबतच्या कामगारांसाठी हे मिश्रण बनवायचा. पुढे 1954 च्या सुमारास त्याने कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ पाहुण्यांसाठी एक रँच, म्हणजे मोठं शेतघर, घेतलं, तिथे जेवणाबरोबर हे वाढायला लागला आणि पाहुणे घरी जाताना मागून नेऊ लागले.

रात्र

फरसबी, ब्रोकोली आणि फ्लॉवर उकळत्या पाण्यातून काढून झाले. हे तिन्ही मी कच्चे ठेवत नाही. कच्ची ब्रोकोली माणसं सौजन्याने उचलतात आणि बशीच्या कडेला ठेवून देतात.

मोठं पातेलं, भरपूर पाणी, चांगलं खारट, झाकण नाही. फरसबी आधी, ब्रोकोली मग, फ्लॉवर शेवटी, कारण फ्लॉवरचा वास पाण्याला धरतो. एका वेळी मूठभरच टाकायची, म्हणजे पाण्याची उकळी फार मोडत नाही. शेंगा पाण्यात पडल्या की काही सेकंदांतच त्यांचा रंग उजळतो. पेशींच्या मधली हवा निघून जाते आणि आतला हिरवा रंग थेट दिसायला लागतो. तिथून दीड-दोन मिनिटं. जास्त वेळ राहिल्या तर भाजीतलंच आम्ल हरितद्रव्यातला मॅग्नेशियमचा अणू बाहेर काढतं आणि हिरव्याचा शेवाळी रंग होतो. झाकण यासाठीच ठेवायचं नाही, काही आम्लं वाफेबरोबर उडून जातात. आणि हिरव्या भाज्यांवर आदल्या रात्री लिंबू पिळायचं नाही तेही यासाठीच.

झाऱ्याने काढून सरळ बर्फाच्या पाण्यात. गार झाल्या की लगेच बाहेर आणि फडक्यावर एकेक शेंग कोरडी. ही कोरडी करायची पायरी लोक गाळतात. ओल्या भाजीवरून डिप घसरतं, मग कितीही चांगलं केलेलं असो.

आईंचे दात हल्ली साथ देत नाहीत. त्यांच्यासाठी फ्लॉवरचे काही तुरे दोन मिनिटं जास्त ठेवले, आणि गाजराच्या फोडी तेल-मीठ लावून ओव्हनमध्ये मऊ भाजल्या. त्या वेगळ्या बशीत देणार नाही, याच ताटात एका बाजूला. सगळ्यांबरोबर त्याच ताटातून त्यांनीही घ्यावं असं मला फार वाटतं.

सणाचा दिवस, सकाळ

गाजरं कापली. तयार सोललेली बेबी गाजरं मिळतात, वेळ वाचतो. पण ती बहुतेक कोवळी गाजरं नसतातच. 1986 मध्ये माइक युरोसेक या कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्याने वाकड्यातिकड्या, मोडक्या, कोणी विकत न घेणाऱ्या गाजरांचे छोटे तुकडे करून, यंत्राने घासून गुळगुळीत करून विकायला सुरुवात केली. फेकलं जाणारं पीक वाचलं, ही कल्पना मला मनापासून पटते. तरी ताटासाठी मी अख्खी गाजरंच घेते. हाताने कापलेल्या कांडीला सपाट बाजू असते, तिच्यावर डिप बसतं.

आणि लांबी दोन घासांची ठेवत नाही, एकाच घासाची. मोठी कांडी चावून माणूस उरलेली पुन्हा वाटीत बुडवतो, कळत-नकळत सगळेच करतात. तुकडाच लहान असला की कोणाला काही सांगावं लागत नाही.

कापलेलं गाजर आणि सेलरी बर्फाच्या पाण्यात अर्धा तास. पेशी पाणी ओढून फुगतात आणि करकरीतपणा परत येतो. रात्रभर मात्र नाही, गोडी पाण्यात उतरते. मुळा अगदी शेवटी, कारण चिरल्यावर त्याचा उग्र वास फ्रिजभर होतो. काकडीच्या बिया चमच्याने काढल्या. चेरी टोमॅटो फ्रिजबाहेरच होते; थंडीत टोमॅटोचा सुगंध मरतो. बीट सगळ्यांपासून लांब, त्याचा रंग शेजारच्या प्रत्येक भाजीला लागतो.

लहानगी येणार आहे, अजून चार वर्षांची नाही. या वयात अख्खा चेरी टोमॅटो किंवा कच्च्या गाजराचा कडक तुकडा घशात अडकू शकतो. तिचे टोमॅटो उभे चार भागांत चिरले, गाजर भाजलेल्यातलं मऊ. हमसपुढे 'तीळ' आणि मुहम्मऱ्यापुढे 'अक्रोड' अशी चिठ्ठी ठेवली. ॲलर्जी असूनही विचारायला संकोचणारी माणसं असतात.

मांडणीत भाज्यांची झाडं, चेहरे, प्राणी करायला मला आवडत नाही. पहिल्या माणसाने एक तुकडा उचलला की चित्र मोडतं, मग दुसरा हात लावायला बिचकतो. मी वाट्या आधी ठेवते आणि त्यांच्याभोवती भाज्यांचे दाट पुंजके, एकाच रंगाचे दोन शेजारी नाहीत. शेंगा उभ्या पेल्यात. ताट थोडं ओसंडतं ठेवायचं, म्हणजे घेणाऱ्याला मोकळं वाटतं. माणशी सहा-सात तुकडे धरते, पुढे जेवण आहे.

रात्री उशिरा

डिप्स छोट्या वाट्यांत काढली होती आणि संपतील तशी फ्रिजमधून भरत होते. नाशवंत पदार्थ फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचे नाहीत, हा अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम मी पाळते, हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. बाहेर राहिलेलं चक्क्याचं डिप टाकून दिलं. जीवावर आलं, पण दुधाच्या पदार्थात हयगय नको.

आईंनी भाजलेली गाजरं लाल डिपबरोबर खाल्ली आणि शेजारी बसलेल्या नणंदेला म्हणाल्या, "हे घे गं, कच्च्यापेक्षा हेच बरं आहे." त्यानंतर तरण्याताठ्या दातांचेही सगळे तिकडेच वळले आणि ती बाजू सगळ्यात आधी रिकामी झाली. भाच्याने रँच तर खाल्लंच, वर फरसबीही. जाऊबाई ताहिनीची कृती लिहून घेऊन गेली, गार पाण्याचं तिला दोनदा सांगितलं.

उरलेली सेलरी आणि फ्लॉवर उद्याच्या सूपमध्ये. फ्रिजमध्येच राहिलेलं हमस तीन-चार दिवस चालेल. पुढच्या वेळी भाजलेली गाजरं दुप्पट, मुळा निम्मा.