मँडोलिन संमेलनाची तयारी: ट्रेमोलोवरून रस्सीखेच

संमेलनात वाजवायचा विवाल्डीचा (अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातला इटालियन संगीतकार) दोन मँडोलिनसाठीचा कॉन्चेर्टो, म्हणजे एकल वाद्यं आणि वाद्यवृंद यांची तीन भागांची रचना (जी मेजर स्वरश्रेणी, सूची क्रमांक आरव्ही ५३२), आता सुरुवातीपासून शेवटपर्यंत न अडखळता जातो. वेग अजून बेताचाच आहे, पण माझी त्याबद्दल तक्रार नाही. मूळ व्हायोलिन-व्हायोलाच्या ओळी आम्ही बाकीची मँडोलिन आणि मँडोला (मँडोलिनचं जरा मोठं, खालच्या सुराचं भावंड) यांच्यात वाटून घेतलेत. खालची बाजू मँडोचेलो (त्याहूनही मोठं, खर्जातलं भावंड) आणि गिटार सांभाळतात.

पहिल्या आणि तिसऱ्या भागात वाद घालण्यासारखं काही नाही. जी मेजर म्हणजे आपल्या वाद्याचं माहेरच. जी, डी, ए, ई या चारही मोकळ्या जोडतारा त्यात चपखल बसतात, त्यामुळे जलद जागाही हाताखाली येतात.

खरी रस्सीखेच मधल्या संथ भागावरून, म्हणजे अँडांतेवरून. सूर लांब आणि आपली तार लगेच विझणारी, त्यामुळे हात आपसूक ट्रेमोलोकडे वळतो, म्हणजे एकाच सुरावर भरभर वरखाली आघात करून तो लांबवण्याकडे. निम्म्या मंडळींना तो हवाच होता. मी विरुद्ध पक्षात. विवाल्डीसमोर होतं ते आतड्याच्या तारांचं जुनं मँडोलिन. मुख्यतः धातूच्या तारांचं, व्हायोलिनसारखं जुळवलेलं नेपल्सचं मँडोलिन अठराव्या शतकाच्या मध्याला पुढे आलं, आणि ट्रेमोलोचं प्रस्थ तर त्याच्याही नंतरचं. बऱ्याच हुज्जतीनंतर साधे आघात ठरले. आता सगळी भिस्त डाव्या हातावर. पुढचा सूर लागेपर्यंत बोट दाबून ठेवायचं, ऐन क्षणी उचलायचं. ते जरा जरी लवकर सुटलं तरी ओळ मध्येच तुटते, आणि ट्रेमोलोवाले लगेच माझ्याकडे बघतात!

त्यांची हौस संमेलनात सगळ्यांनी मिळून वाजवायच्या दुसऱ्या रचनेत फिटणार आहे, तिथे ट्रेमोलोच ट्रेमोलो आहे. सगळ्यांनी एकाच मोजणीत पिक (तार छेडायची पट्टी) चालवली तर लांब सूर ऐकू येत नाही, नुसते ठोके ऐकू येतात. म्हणून आघातांचा वेग ज्याचा त्याचा. सूर धरायचा आणि सोडायचा मात्र एकत्र. कुठल्या मात्रेवर सोडायचा ते प्रत्येकाने पेन्सिलीने लिहून घेतलंय. एवढ्यानेच आवाज किती स्वच्छ झाला!

तारा बदलायच्या असतील तर आत्ताच बदला, संमेलनाच्या आदल्या दिवशी नको. नव्या तारा ताणून स्थिरावेपर्यंत सारख्या उतरत राहतात. सगळ्या एकदम काढू नका, घोडी चिकटवलेली नसते, ती तारांच्या दाबावरच उभी असते. जुळवताना जोडीतली एक तार बोटाने दाबून गप्प करायची आणि दुसरी खालून वर चढवत आणायची.

पुढच्या तालमीला कॉन्चेर्टोचा तिसरा भाग मेट्रोनोमशिवाय (ठोके देणाऱ्या यंत्राशिवाय). मँडोचेलोवाल्याची अडचण अजून तशीच आहे: पान उलटायचं तिथे त्याला एकही विराम नाही. सध्या पुढच्या पानाच्या पहिल्या ओळींची झेरॉक्स आधीच्या पानाखाली चिकटवलीय. याहून बरा तोडगा कोणाकडे असेल तर कळवा.