बाझलला मुक्काम, ट्रेनने फ्रान्स-जर्मनी: गाडी न घेता केलेल्या एका दिवसाच्या ट्रिपा

आई-बाबा स्वित्झर्लंडला आले होते तेव्हा इंटरलाकेन-ल्युसर्न वगैरे सगळे करतात ते आम्हीही केलंच, पण दोघांना जास्त आवडल्या त्या बाझल या फ्रान्स-जर्मनीच्या सीमेलगतच्या स्विस शहरातून केलेल्या छोट्या ट्रिपा. सकाळी पोहे खाऊन निघायचं, जेवायला दुसऱ्या देशात, रात्री परत आपल्याच पलंगावर, आणि बॅगा ओढत फिरणं नाही. बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सविस्तर लिहितेय. भाड्याची गाडी घ्यायच्या भानगडीत पडू नका, या जुन्या गावांत पार्किंग शोधण्यातच अर्धा दिवस जातो.

आधी मुख्य गोष्ट. ट्रेन सीमा सहज पार करते पण तिकिटाचं तसं नाही. स्विस ट्रॅव्हल पास असला तरी बाझलपुढे फ्रान्सच्या गाडीत तो चालत नाही, तिकडचं तिकीट वेगळं. त्यामुळे आज कुठल्या देशात जातोय हे ठरवूनच घरातून निघायचं, कारण त्यावर स्टेशनसुद्धा बदलतं. फ्रान्सच्या गाड्या बाझल एसबीबी (स्विस रेल्वे) या मोठ्या स्टेशनच्या एका टोकाला असलेल्या वेगळ्या भागातून सुटतात, फलाट 30 ते 35, तिकडे चालत जायला वेळ लागतो, म्हणून दहा मिनिटं हाताशी ठेवा. जर्मनीसाठी ऱ्हाईनच्या पलीकडचं बाडिशर बानहोफ, एसबीबीसमोरून 2 नंबरची ट्राम थेट तिथे जाते. हे स्टेशन गंमतशीर आहे, जमीन स्विस पण कारभार जर्मन रेल्वेचा, खाली बोगद्यात कस्टम्सची वाट वगैरे आहे. बाबा रेल्वेवेडे, त्यांना तिथून हलवणं कठीण झालं होतं.

हॉटेलात उतरणार असाल तर बाझलकार्ड मागून घ्या, शहरातल्या ट्राम-बस त्यावर फुकट आणि म्युझियमना सवलत. ते सीमेपलीकडे कुठपर्यंत चालतं हे रिसेप्शनवर विचारूनच ट्राममध्ये बसा, कारण 8 नंबरची ट्राम जर्मनीत वाइल आम ऱ्हाईनला जाते आणि 3 नंबरची फ्रान्सच्या सँ-लुईला, नुसतं बसून राहिलात तरी देश बदलतो!

पहिली ट्रिप कोलमार. स्ट्रासबुर्गला जाणारी टीईआर, म्हणजे फ्रान्सची प्रादेशिक गाडी, पकडायची, पाऊण तासात कोलमार. सीट रिझर्व्हेशन नसतं. बाबांनी खिडकीतून एक गोष्ट बरोबर टिपली की गाड्या उजव्या बाजूने धावतायत, बाकी फ्रान्समध्ये आपल्यासारख्या डाव्या बाजूने धावतात. कारण 1871 ते 1918 हा आल्सास प्रांत जर्मनीकडे होता आणि ती पद्धत तशीच राहिली. स्टेशनवरून जुन्या गावात रमतगमत वीसेक मिनिटं. लाकडी चौकटींची रंगीत घरं, कालवे, सगळं फोटोत दिसतं तसंच आहे, आणि गर्दीही तशीच. दहाच्या आत पोचा नाहीतर फोटोत तुमच्यापेक्षा इतरांचे हातच जास्त येतील. पण उंटरलिंडन म्युझियम चुकवू नका. तिथे ग्रुनेवाल्डने 1512 ते 1516 च्या दरम्यान रंगवलेला इझेनहाइमचा अल्टारपीस, म्हणजे चर्चच्या वेदीवरचं मोठं चित्र, आहे. तो ज्या मठासाठी केला तिथे धान्यावरच्या बुरशीमुळे होणाऱ्या एका भयंकर रोगाचे रुग्ण यायचे, म्हणून त्यातला येशूसुद्धा अंगभर जखमांचा आहे. आईला धर्म, चित्रकला यातलं काही माहीत नव्हतं तरी ती तिथे बराच वेळ उभी राहिली. मंगळवारी बंद असतं, लक्षात ठेवा. लिबर्टीच्या पुतळ्याचा शिल्पकार बार्तोल्दी याच गावचा, त्या पुतळ्याची 12 मीटरची प्रतिकृती गावाबाहेरच्या चौकात आहे, पण त्यासाठी मुद्दाम पायपीट करू नका.

दुसरी म्युलूझ, जी लोक गाळतात आणि मला सगळ्यात आवडली. बाझलहून जेमतेम अर्धा तास. गाव दिसायला कोलमारइतकं गोड नाही, गिरण्यांचं गाव आहे. 1746 मध्ये इथे छापील सुती कापडाचा पहिला कारखाना निघाला, आणि ते कापड म्हणजे हिंदुस्थानातून येणाऱ्या छिटाची नक्कल, नावसुद्धा 'आंदियेन', म्हणजे फ्रेंचमध्ये 'हिंदुस्थानी'. आम्ही सोलापूरचे, त्यामुळे बाबांचं यावर पुढे तासभर व्याख्यान झालं. ट्रामने रेल्वे म्युझियम आणि मोटारींचं म्युझियम दोन्ही गाठता येतात. मोटारींचा संग्रह श्लुम्फ बंधू या गिरणीमालकांचा, गिरणी डबघाईला आली आणि 1977 मध्ये कामगारांनी जागा ताब्यात घेतली तेव्हा लोकांना कळलं की आत एवढ्या बुगाटी मोटारी उभ्या आहेत. दोन्ही म्युझियम एका दिवसात होतात पण पाय बोलतात, वयस्कर मंडळी असतील तर एकच घ्या.

स्ट्रासबुर्ग सव्वा तासाच्या थोडं पुढे. कॅथेड्रल 142 मीटर उंच, आतल्या खगोलीय घड्याळातल्या मूर्ती दुपारी 12:30 ला फिरतात, त्या हिशोबाने सकाळची गाडी धरा. बाकी शहर मोठं आहे, एका दिवसात धावपळच होते.

जर्मनीत फ्रायबुर्ग. आयसीई या जर्मन वेगवान गाडीने पाऊण तासाच्या आत, लोकलने थोडा जास्त वेळ, पण चारपाच जण असाल तर बाडन-व्युर्टेम्बर्ग तिकीट घ्या आणि लोकलनेच जा. पाच जणांपर्यंत एकच तिकीट, दिवसभर त्या जर्मन राज्यातल्या लोकल आणि ट्रामलाही चालतं, मात्र आयसीईत नाही आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी 9 नंतरच. बाडिशर बानहोफपासूनच धरतात, म्हणून चढायचं तिथूनच. फ्रायबुर्गच्या रस्त्यांतून पाण्याचे छोटे पाट वाहतात, त्यात चुकून पाय पडला तर फ्रायबुर्गच्याच माणसाशी लग्न होतं असं म्हणतात. आईने बाबांचा हात घट्ट धरला होता! कॅथेड्रलभोवतीचा बाजार सकाळीच असतो, रविवारी नाही. दुपारी त्याच तिकिटावर टिटिझे तलावाची गाडी पकडा, ब्लॅक फॉरेस्टमधला तो चढ, बोगदे, रावेना दरीवरचा पूल, थेट कर्जत-लोणावळा आठवतं. तलाव स्टेशनपासून दहा मिनिटांवर आहे, काठावर कुकू घड्याळांची दुकानं मात्र महाग.

आता किरकोळ पण महत्त्वाचं. तिन्ही देश शेंगेनमध्ये असल्याने वेगळा व्हिसा नको, पण मूळ पासपोर्ट जवळ हवाच, गाडीत तपासणी होते. फ्रँक आणि युरो दोन्ही ठेवा. मोबाइलचं स्विस सिम असेल तर सीमेपलीकडे डेटा चालतो का हे आधी बघा, आणि युरोपचं सिम असेल तर उलट स्वित्झर्लंडमध्ये बघा. फ्रान्सला जायच्या आदल्या रात्री रेल्वेचा संप नाही ना ते रेल्वेच्या ॲपवर तपासा. शाकाहारी लोकांनी आल्सासमध्ये फ्लामकुखन (पातळ पिझ्झासारखा पदार्थ) मागवताना 'सां लार्दों' म्हणायचं, नाहीतर वर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे येतात, जर्मनीत चीज घातलेले श्पेत्सले (नूडल्ससारखा पदार्थ) बहुतेक ठिकाणी मिळतात. रविवारी दुकानं तिन्हीकडे बहुतेक बंद, पण बाझल एसबीबीतली चालू असतात, त्यामुळे परत येताना दूध-ब्रेड तिथूनच घ्या.