मोझरीला, अवेळी

गुरुकुंज मोझरीला जायचे ते आश्विन वद्य पंचमीला, हे आमच्या वऱ्हाडात कोणी कोणाला सांगावे लागत नाही. कोजागरी होऊन चार-पाच दिवस उलटलेले असतात, सोयाबीन घरात आलेले असते किंवा मिळेल त्या भावाने विकून झालेले असते, कपाशीची पहिली बोंडे फुटू लागलेली असतात, आणि गावोगावची गुरुदेव सेवा मंडळे भगव्या टोप्या घालून, पालख्या घेऊन राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला निघतात. मी मात्र या वर्षी मोझरीला गेले ती मे महिन्याच्या अखेरीस, ऐन नवतप्यात. त्या दिवसांत आमच्याकडे शहाणी माणसे दुपारी बाराच्या आत घरात शिरतात आणि पाच वाजल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाहीत.

कारण होते खंजिरीचे. वीतभर रुंदीचे लाकडी कडे, त्याच्या एका अंगाला ताणून बसवलेले बकरीचे कातडे आणि कड्याच्या खाचांमध्ये अडकवलेल्या पितळी चकत्यांच्या जोड्या, एवढाच तिचा संसार. डाव्या हातात कडे धरायचे, उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायचे, आणि डाव्या हाताच्याच बोटांनी कातड्याची कड दाबत आवाज चढवायचा-उतरवायचा. ज्याला पेटी परवडत नाही, तबला उचलून नेता येत नाही आणि स्वरज्ञानाचे फारसे प्रस्थ ज्याने माजवलेले नाही, अशा माणसाला काखेत घालून चार कोस चालता येईल असे हे वाद्य आहे, आणि म्हणूनच ते विदर्भातल्या खेड्यांत घरोघरी टिकले असावे. आमच्या घरची खंजिरी वडिलांची. ते गेल्यावर वाटणी झाली तेव्हा शेत, घर आणि बैलजोडी भावाकडे राहिली आणि मी ही खंजिरी मागून घेतली. वाटणीच्या कागदावर तिचा उल्लेख नाही, त्यामुळे उद्या कोणी दावा लावलाच तर मला अवघड जाईल.

होळीनंतर या खंजिरीचा आवाज बसला. थाप मारली की ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखे वाटे. चकत्या तेवढ्या छुमछुमत, पण त्यांच्याखालचा बोल गेलेला. आमच्या गावात कातडे मढवणारे आता कोणी उरलेले नाही. एक जण बाजाराच्या दिवशी येऊन ढोलक्या आणि मृदंग मढवून देत असे, त्यालाही न येऊन बरीच वर्षे झाली. तेव्हा जिथे हजारो खंजिऱ्या एकत्र वाजतात तिथे खंजिरी दुरुस्त करणारा नसेल तर कुठे असेल, असा सरळ हिशेब करून मी ती कापडी पिशवीत घातली, उन्हाच्या झळांवर उतारा म्हणून पिशवीत एक कांदाही टाकला, आणि चांदूर बाजाराहून अमरावती व अमरावतीहून नागपूरकडे जाणारी एसटी, अशी निघाले. अर्धे तिकीट फाडताना वाहकाने विचारले, ‘मोझरीले आता काय हाय, बाई?’ मी पिशवीकडे बोट दाखवले. त्याला बहुधा कांदाच दिसला असावा. बसायला मिळाले ते खिडकीपाशी, उन्हाच्या बाजूला, आणि पिशवी ठेवायला मिळाली ती इंजिनावरच्या तापलेल्या झाकणावर.

एखाद्या उत्सवामुळे नावारूपाला आलेल्या गावांचे नशीब सारखेच असते असे नाही. पुण्यात १९५३ पासून ज्यांच्या नावाने संगीत महोत्सव होतो ते सवाई गंधर्व धारवाडजवळच्या कुंदगोळचे. गाव एकीकडे आणि त्याच्या कीर्तीचा मांडव दुसरीकडे. मोझरीचे तसे नाही. इथे जे काही घडते ते इथेच घडते, पण ते घडवणारी माणसे मात्र बाहेरून येतात. खुद्द महाराजही मोझरीचे नव्हेत. त्यांचा जन्म १९०९ सालचा, अमरावती जिल्ह्यातल्याच यावलीचा. नाव माणिक. वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या पायाशी बसलेल्या या पोराचा गुरूंनी ‘तुकड्या’ केला आणि तेच नाव पुढे भजनांच्या अखेरच्या ओळीत कायम राहिले. रामटेक, साल्बर्डी, चिमूरकडची रानेवने अशी भटकंती झाल्यावर १९३५ मध्ये त्यांनी मोझरीच्या माळावर गुरुकुंज आश्रम मांडला. वडिलांना या चरित्रातला एकच प्रसंग मनापासून आवडे: १९५५ साली महाराज जपानला विश्वधर्म आणि विश्वशांती परिषदेला गेले आणि तिथेही त्यांनी खंजिरीवर भजन म्हटले. १९४२ च्या आंदोलनातला तुरुंगवास, डॉ. राजेंद्रप्रसादांनी त्यांना राष्ट्रसंत म्हणणे, एकेचाळीस अध्यायांची ग्रामगीता, हे सगळे वडिलांना ठाऊक होते, पण ते सांगताना त्यांचा आवाज साधा असे. जपानचे सांगताना मात्र ते खिळ्यावरच्या खंजिरीकडे असे पाहत, की जणू हीच जाऊन आली आहे.

मोझरीला उतरले तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते. पुण्यतिथीच्या आठवड्यात जिथे पाय ठेवायला जागा नसते, तिथे रस्ता पार करताना मला माझ्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. महामार्गावरून मालमोटारी धावत होत्या आणि त्यांच्यामागून उठणारी गरम हवा तोंडावर फुफाट्यासारखी येत होती. आश्रमाच्या आवारात झाडांखाली सावल्या आखडून बसल्या होत्या. समाधीचे दर्शन घेतले. फरशी इतकी तापलेली होती की नमस्काराला लागला त्याहून अधिक वेळ पाय उचलून-ठेवण्यात गेला. दासटेकडीवर जाण्याचा विचार मनात आला आणि तिकडे नुसते पाहूनच मी तो सोडून दिला. जत्रेत पाहिलेले गाव एरवी पाहू नये असे म्हणतात, आणि त्यात थोडे तथ्य आहे. लग्नघरी आठवड्याने गेल्यावर मांडवाच्या डेळींचे नुसते खड्डे दिसावेत, तसे काहीसे वाटत होते.

एक दुकान उघडे होते. ग्रामगीता, तसबिरी, टोप्या, उदबत्त्या आणि वरच्या फळीवर ओळीने खंजिऱ्या. मी माझी पिशवीतून बाहेर काढायला लागले तोच दुकानदार म्हणाला, ‘नवी घ्या न ताई. याले कातडंच नाही, फायबर आहे. पानी पडो का ऊन पडो, काही होत नाही.’ मी मढवून मिळेल का, असे विचारले. त्याने कपाळावरचा घाम पुसला आणि इतक्या वेळात पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिले. ‘मढवणारे पुण्यतिथीत येतात, बाहेरून. आता इथं कोन मढवते?’ म्हणजे आमच्या गावी मढवणारा नाही म्हणून मी मोझरीला आले आणि मोझरीचे लोक तो आमच्यासारख्यांच्याच गावांतून येण्याची वाट पाहतात. मी फायबरची एक खंजिरी हातात घेऊन वाजवून पाहिली. आवाज खणखणीत होता, त्याबद्दल तक्रार करता येणार नाही. पण बोटाने कड दाबली तरी तो फारसा हलेना, आणि जिच्याशी बोटांना भांडता येत नाही ती खंजिरी वाजवण्यात मला काही हशील वाटेना. मी टोपी मात्र घेतली, उन्हासाठी.

संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना होईपर्यंत थांबायचे ठरवून मी एका लिंबाखाली बसले आणि मला पाचवीत असतानाची पुण्यतिथी आठवली. वडिलांनी बंडीतून नेले होते. वाटेत आणि मुक्कामी जो तो भजन म्हणत होता, मराठी संपले की हिंदी, एका मंडळाचे संपले की दुसऱ्याचे, आणि तीन दिवस माझ्या कानात चकत्यांचा छुमछुमाट असा भरून राहिला होता की झोपेतही तो थांबत नसे. मग पंचमीची दुपार कलली. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी ४ वाजून ५८ मिनिटांनी महाराजांनी देह ठेवला, म्हणून त्याच मिनिटाला सारा समुदाय उभा राहून मौन पाळतो. मला कोणी हे आधी सांगितले नव्हते. नजर पोचेल तिथवर माणसेच माणसे, आणि एका क्षणी सगळ्यांचा आवाज एकदम गेला. बैलाच्या गळ्यातली घाटी वाजली ती केवढी मोठी वाटली. मी घाबरून वर पाहिले, तर वडिलांनी खंजिरी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट आवळून धरली होती. खंजिरी नुसती हातात धरली तरी वाजते. माणूस श्वास घेतो तेवढ्यानेही तिच्या चकत्या हलतात. आजूबाजूला पाहिले तर ज्याच्या-ज्याच्याजवळ खंजिरी होती त्याने ती तशीच, तापलेले लेकरू धरावे तशी उराशी धरलेली होती. पुढे सर्वधर्मीय प्रार्थना झाल्या, भाषणे झाली, गोपालकाला झाला. त्यातले मला आज काही आठवत नाही. आठवतात ते वडिलांचे कड्याभोवती पांढरे पडलेले बोटांचे पेर.

भजनाच्या एवढ्या मोठ्या मेळ्याचा कळस न वाजवण्यात असावा याचे मला तेव्हा काही विशेष वाटले नव्हते. पुढे तीस वर्षे शाळेत शिकवताना पन्नास पोरांना दोन मिनिटे गप्प बसवण्याचा अनुभव घेतला, आणि मग वाटले.

ऊन उतरल्यावर आवारात थोडी हालचाल सुरू झाली. कोणी पाणी शिंपडले, कोणी सतरंज्या अंथरल्या. प्रार्थनेला फार तर चाळीस-पन्नास माणसे असतील. बरीचशी म्हातारी, काही विद्यार्थी, आणि माझ्यासारखी वाट चुकून आल्यासारखी दिसणारी दोन-तीन. रांगा मात्र लाखभर लोक असावेत तितक्याच सरळ. प्रार्थना संपल्यावर शेजारचे एक आजोबा माझ्या पिशवीकडे पाहून ‘जयगुरू’ म्हणाले. मी खंजिरी काढून त्यांच्या हाती दिली आणि दुकानात सांगितलेले रडगाणे पुन्हा सुरू केले. ते ऐकताऐकताच त्यांनी अंगठ्याने कातडे एकदा चाचपले आणि थाप मारली.

खंजिरी वाजली. ओले पोते नाही, काही नाही. होळीआधी वाजायची तशी, किंबहुना त्याहून थोडी चढीच. मी त्यांच्याकडे पाहतच राहिले.

‘हे तं चांगली ताणली हाय. घरी कुठं टांगता?’

‘पुढच्या खोलीत. खिळ्याला.’

‘अन् कुलर?’

कुलरही पुढच्याच खोलीत. होळी झाली की आम्ही तो माळ्यावरून काढतो, नवी वाळ्याची ताटी लावतो आणि खिडकीत बसवतो. समोरच्या भिंतीवर वडिलांचा फोटो आहे आणि फोटोखाली तो खिळा. म्हणजे तीन महिने रात्रंदिवस वाळ्याचा ओला वारा थेट खंजिरीच्या तोंडावर. कातडे सैल पडेल नाही तर काय होईल? आणि आज सकाळपासून खिडकीतले ऊन, इंजिनाचे झाकण आणि मोझरीची दुपार एवढे सगळे खाऊन ते पुन्हा जागेवर आले होते. आजोबांनी हे सगळे मला तोंडी सांगितले नाही. त्यांनी फक्त ‘कुलर’ म्हटले आणि ते हसले. मग दोन-चार मिनिटे ते वाजवत बसले, कड दाबून आवाज मागेपुढे करत, आणि परत देताना म्हणाले, ‘पावसाळ्यात चुलीपाशी ठेवजा. अन् पुण्यतिथीले आणजा.’

त्या रात्री अमरावतीला बहिणीकडे थांबले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले. यजमान कुलरसमोर आडवे झाले होते. ‘मिळाली का मढवून?’ त्यांनी डोळे न उघडताच विचारले. मी हातोडी शोधली, फोटोखालचा खिळा उपटला आणि तो मागच्या खोलीत, पत्र्याखालच्या तापलेल्या भिंतीत ठोकायला सुरुवात केली. ‘भर दुपारी काय ठोकते आहेस?’ पुढच्या खोलीतून आवाज आला. भिंत जुनी होती, माती झरत होती, खिळा दोनदा वाकला, तिसऱ्यांदा बसला.