पहिल्या पानावरचा मासळीचा वास

सकाळीच स्टाफरूममध्ये वाद झाला. प्रीलिम तोंडावर, पोर्शन बाकी, आणि मी बारावी कॉमर्सला 'टू सर, विथ लव्ह'साठी आणखी चार तास मागत होते. "अहो मॅडम, गाईडमध्ये कॅरेक्टर, थीम, सेटिंग सगळं तयार आहे. दोन तासांत उरका," आमचे सीनियर सर म्हणाले. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. ठाण्यातल्या आमच्या कॉलेजात निम्मी मुलं मराठी माध्यमातून येतात. त्यांना आधी इंग्रजीत पास व्हायचं असतं.

2020 मध्ये आलेल्या बारावीच्या युवकभारतीत, म्हणजे बोर्डाच्या इंग्रजीच्या पुस्तकात, तीन कादंबऱ्यांचे उतारे आहेत. जूल व्हर्नची जगप्रदक्षिणा आणि होम्सचा तपास पोरं आवडीनं ऐकतात. 'टू सर, विथ लव्ह'च्या ब्रेथवेटपाशी अडतात. ब्रिटिश गयानात जन्मलेला, महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात राहिलेला, शिकलेला इंजिनियर. पण रंग बघून नोकरी कुणी देईना, म्हणून लंडनच्या ईस्ट एंडमधल्या शाळेत मास्तर झाला. त्याच अनुभवांवर बेतलेली ही 1959 ची कादंबरी. गाईडमध्ये थीम एका शब्दात मिळते: वर्णद्वेष. मुलं ती पाठ करतात. आपल्याकडे कुठे गोरे-काळे, विषय संपला.

म्हणून मी घरच्या प्रतीतल्या पहिल्या पानांची झेरॉक्स वाटली. ऑल्डगेटच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली लाल डबलडेकर, साफसफाईची कामं उरकून निघालेल्या बायकांनी भरलेली. पुढे एक टापटीप बाई चढते. ब्रेथवेटच्या शेजारची जागा रिकामी असते, पण त्याला बघून ती उभीच राहते. मला त्या बाईपर्यंत पोचायची घाई होती.

"मॅडम, बोवाईन म्हणजे?"

मागच्या बाकावरची मुलगी, चेंदणी कोळीवाड्यातली. वर्षभरात तिचा आवाज मी हजेरीपुरताच ऐकलेला.

"गाईगुरांसारखं."

"कोणाला म्हणतोय?"

"त्या कामवाल्या बायकांना."

ती ओळीवर बोट ठेवून पुढे वाचू लागली. त्या बायकांसोबत आलेल्या वासांमध्ये मासळीचा वास सगळ्यात पुढे, असं तिथे लिहिलंय. इतकी वर्षं हे वाक्य मी सरळ ओलांडून जात आलेय. कुणीतरी फिसकन हसलं. तिनं तिकडे बघितलंही नाही.

"म्हणजे मॅडम, ती बाई याच्या शेजारी बसत नाही, आणि हा आधीच त्या बायकांना गुरं म्हणून बसलाय. याला पण वास आलाच की."

"मग हा हिरो कसा?" दुसरीकडून आवाज आला. त्यानंतर मी फार बोललेच नाही. मुंब्र्याहून येणारा एक जण म्हणाला, कॉलेजात नवीन असताना कुणी कुठे राहतोस विचारलं की तो मुंब्र्याचं नाव न घेता 'कळव्याच्या पुढे' एवढंच सांगायचा. मग पुन्हा ती. "टीएमटीच्या बसमध्ये आईच्या टोपलीजवळ कोणी बसत नाही." जरा थांबून, "मैत्रिणी असल्या ना मॅडम, तर मी पण नाही बसत."

यावर काय बोलावं सुचेना, म्हणून मी ब्रेथवेटच्या वर्गातल्या सील्सची गोष्ट सांगितली. या मिश्रवर्णी मुलाची आई वारते. वर्ग पैसे काढून फुलं घ्यायचं ठरवतो, पण ती त्याच्या घरी पोचवायला कुणी तयार होत नाही; काळ्यांच्या घरी गेलेलं लोकांनी बघितलं तर? मुलींना 'मिस' आणि मास्तरांना 'सर' म्हणायला शिकलेली, छान वळणाला लागलेली हीच पोरं. वर्गातली एकटी पामेला जाईन म्हणते. अंत्यविधीला ब्रेथवेट पोचतो, तर वर्ग तिथे हजर. ते मन कसं बदललं, हे तो फारसं सांगत बसत नाही, तेच मला आवडतं. बारावीला ही कादंबरी हवी, आणि उताऱ्याबाहेरचीही हवी, ती यासाठी. तिच्यात सोसणारा माणूससुद्धा पहिल्याच पानावर पकडला जातो, आणि त्याला पकडायला इंग्रजी फर्डं लागत नाही.

ऑफ तासाला ती स्टाफरूमच्या दाराशी आली.

"मॅडम, ते मासळीचं पेपरात लिहिलं तर मार्क कापतील?"

सीनियर सर समोरच होते. "मॉडेल आन्सरमध्ये नसेल तर रिस्क असते, बाळ."

"प्रीलिम मी तपासणारेय," मी म्हटलं.

तिनं क्षणभर हिशेब केला. "मग प्रीलिमला लिहिते. बोर्डाला गाईडचं."