दूधसागरच्या पायथ्याशी

2013 सालच्या ‘चेन्नई एक्स्प्रेस’मध्ये गाडी ज्या धबधब्यापाशी थांबते, तो दूधसागर माझ्या आईला पाहायचा होता, आणि तोही ‘सिनेमात दिसतो तस्साच’. म्हणून गेल्या डिसेंबरात आम्ही मुद्दाम पुण्याहून गोवा एक्स्प्रेसने निघालो, कारण ती कॅसल रॉकहून घाट उतरताना धबधब्यावरच्याच पुलावरून जाते. तो दिसला खरा. पण आईने चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवेपर्यंत पुढचा बोगदा आला होता. रुळांवरून चालत जायला बंदी असल्यामुळे, निवांत पाहायचे तर घाटाखालच्या कुळे गावाहून जीपने पायथ्याशी जाणे एवढाच मार्ग उरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच आम्ही कुळ्यात रांगेला लागलो. एका जीपमध्ये सात प्रवासी घेतात आणि आम्ही दोघीच होतो, त्यामुळे उरलेले पाच जण जुळेपर्यंत तासभर गेला. ‘मावशी, तुम्ही सावलीत बसा, जीप भरली की हाक मारतो,’ असे खिडकीवरच्या माणसाने सांगितले आणि शब्द पाळला. लाइफ जॅकेट भाड्याने घेणे सक्तीचे आहे. आईने ते साडीवरच चढवले, पण बक्कल लावताना त्यात पदर अडकला आणि तो सोडवण्यात आमची जीप जवळजवळ निघालीच होती.

पुढे भगवान महावीर अभयारण्याच्या नाक्यावर वनखात्याचे तिकीट काढून रस्ता जंगलात शिरतो. वाटेतले ओढे ओलांडताना पाणी पायाशी येते. पावसाळ्यात हेच ओढे फुगतात, म्हणून जीप बंद ठेवून साधारण ऑक्टोबरात पुन्हा सुरू करतात. थोडक्यात, धबधबा सिनेमातल्यासारखा भरून कोसळतो तेव्हा ही वाट बंद असते; तेव्हा जीप सुरू होताच पहिल्या काही दिवसांत जावे, असे माझे मत झाले आहे.

जीप थांबल्यावर दगडांतून चालावे लागते, आणि आईला तीच वाट सर्वांत जड गेली. पाणी डिसेंबराच्या मानाने बरे होते. 310 मीटर उंचीचा तो चार टप्प्यांचा प्रपात खालून पाहताना मान दुखते. तेवढ्यात वरच्या पुलावर मालगाडी आली. आई खडकावर बसून तिचे डबे मोजू लागली. शेवटचा डबा दिसेनासा झाला, तेव्हा जीपच्या चालकाने थांबायला दिलेल्या वेळेतली दहाच मिनिटे उरली होती.